फार्मसीत मास्टर्स: शाखा कोणती घ्यावी, आणि इतकं शिकून नेमकं हाती काय लागतं?

उंबरठा
नमस्कार मंडळी. फार्मसीची पदवी काही महिन्यांत हातात येईल. पुढे मास्टर्स करायचं हे पक्कं आहे, पण शाखा ठरत नाहीये. फार्मास्युटिक्स, फार्मॅकॉलॉजी आणि अ‍ॅनालिसिस या तिन्हींचा विचार करून झाला. ज्याला विचारावं तो मागणी कशाला आहे तेवढंच सांगतो. कोणी म्हणतं फॉर्म्युलेशन घे, कोणी म्हणतं अ‍ॅनालिसिसला मरण नाही, कोणी म्हणतं रेग्युलेटरीकडे, म्हणजे औषधांच्या परवानग्यांच्या कामाकडे, वळ. पण रोज सकाळी लॅबमध्ये गेल्यावर त्या शाखेत प्रत्यक्ष काय करायचं असतं, हे कोणीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट जास्त खरी आहे, ती इथेच विचारते. मला मार्क चांगले पडतात. प्रॅक्टिकलही जमतं. पण ते सगळं उत्तर माहीत असलेलं. काय यायला हवं ते मॅन्युअलमध्ये आधीच लिहिलेलं असतं, आपलं तसं आलं की झालं. ज्याचं उत्तर कोणालाच माहीत नाही असं काम मी आजवर एकदाही केलेलं नाही. ते मला जमेल का, हे कसं ओळखायचं?

खलबत्ता
फार्मास्युटिक्समधून मास्टर्स केलं, त्यानंतर बरीच वर्षं फॉर्म्युलेशन डेव्हलपमेंटमध्ये आहे. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर देतो.

आमच्या शाखेत दिवस पावडरीत जातो. औषधाचा रेणू कोणीतरी आधीच शोधलेला असतो. पण तो रेणू म्हणजे औषध नव्हे. पाच मिलिग्रॅम पांढरी पूड माणसाला देणार कशी? ती गोळीत प्रत्येक ठिकाणी सारखी पसरली पाहिजे, गोळी वाहतुकीत फुटता कामा नये, पोटात गेल्यावर मात्र वेळेत विरघळली पाहिजे. या तीन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. गोळी जास्त दाबली की टणक होते, पण विरघळायला वेळ लावते. कमी दाबली की विरघळते छान, पण डब्यात चुरा होतो.

मग हळूहळू हाताला कळायला लागतं. वेट ग्रॅन्युलेशन करताना, म्हणजे पूड ओलवून तिचे दाणे बनवताना, ओलं मिश्रण मुठीत दाबून बघायचं. गोळा झाला आणि अंगठ्याने मोडल्यावर स्वच्छ दोन तुकडे झाले तर पाणी बरोबर. हाताला चिकटलं तर जास्त झालं, भुरभुरलं तर कमी. मिक्सरवर पॉवर मोजायची सोय असते, तिचा आलेख बघावाच, पण मी आजही मूठ दाबून बघतो.

मास्टर्सच्या पहिल्या वर्षातला एक प्रसंग. एकाच फॉर्म्युल्याच्या दोन बॅच केल्या. वजनं तीच, यंत्र तेच, दाब तोच. एक बॅच वीस मिनिटांत जवळजवळ पूर्ण विरघळली, दुसरी निम्म्यावर अडकली. दुसऱ्या बॅचच्या गोळ्या थोड्या मऊही होत्या. वहीत वरपासून खालपर्यंत पाहिलं, फरक काही दिसेना. शेवटी आठवलं की दुसऱ्या बॅचच्या वेळी मॅग्नेशियम स्टिअरेट घातल्यावर मला कोणीतरी बाहेर बोलावलं होतं आणि मिक्सर चालूच राहिला होता. तीन मिनिटांच्या जागी वीस मिनिटं. स्टिअरेट हे वंगण, गोळी साच्याला चिकटू नये म्हणून अगदी थोडं घालतात. जास्त वेळ फिरवलं की त्याचा पातळ थर प्रत्येक कणावर चढतो. तो थर पाणी आत येऊ देत नाही आणि कणांना एकमेकांना धरूही देत नाही. गोळी मऊ का आणि हट्टी का, दोन्हींचं उत्तर त्या सतरा मिनिटांत होतं. वहीत मी फक्त 'मिसळले' एवढंच लिहिलेलं! त्या दिवसापासून किती मिनिटं, किती फेरे, हे लिहिल्याशिवाय पान उलटत नाही.

या शाखेची खोली कळायला रिटोनाव्हिरची गोष्ट प्रत्येकाने वाचावी. एचआयव्हीवरचं औषध, १९९६ साली बाजारात आलं. १९९८ मध्ये कॅप्सूल अचानक डिझोल्यूशन चाचणीत, म्हणजे ठरलेल्या वेळात औषध किती विरघळतं त्या चाचणीत, नापास व्हायला लागल्या. रेणू तोच होता, शुद्धताही तीच. पण त्याच रेणूंनी स्फटिकात बसायची नवी पद्धत शोधली होती. तो नवा स्फटिक जास्त स्थिर आणि त्यामुळे खूपच कमी विरघळणारा. एकदा तो आला की जुना स्फटिक बनवणंच मुश्कील होऊन बसलं. कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली आणि फॉर्म्युला नव्याने बांधावा लागला. एचआयव्हीचे रुग्ण त्या औषधावर जगत होते, हे लक्षात घे. तेव्हापासून पॉलिमॉर्फ, म्हणजे एकाच रेणूची वेगवेगळी स्फटिकरूपं, शोधणं हे काम कोणी वरवर करत नाही.

मोजमाप
खलबत्ता, प्रतिसाद आवडला. पण एक सांगायलाच हवं. बॅच निम्म्यावर अडकली हे तुम्हाला कळलं ते कोणीतरी नीट मोजलं म्हणून.

उंबरठा, अ‍ॅनालिसिसबद्दल असा समज आहे की नमुना एचपीएलसीत, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, टाकायचा, बटण दाबायचं आणि आकडा लिहायचा. तसं असतं तर मास्टर्सची गरज नव्हती. आमचा खरा प्रश्न असतो की मी जे मोजतोय त्यात मला न दिसणारं काही आहे का? २०१८ सालचं व्हल्सार्टन प्रकरण बघ. रक्तदाबाची नेहमीची गोळी. कच्चं औषध बनवण्याच्या प्रक्रियेत बदल केला गेला होता. डायमिथिलफॉर्मामाइड हे द्रावक आणि पुढच्या पायरीला सोडियम नायट्राइट असा मेळ जुळला आणि एनडीएमए नावाचं नायट्रोसामाइन तयार होऊ लागलं, कर्करोगाची शक्यता असलेलं. शुद्धतेच्या ठरलेल्या चाचण्यांत गोळी पास होत राहिली, कारण त्या चाचण्या या अशुद्धीसाठी बांधलेल्याच नव्हत्या. मग अनेक देशांत औषध परत मागवावं लागलं. रसायनशास्त्र वाचून 'इथे हे तयार होऊ शकतं' असं आधी म्हणणारा आणि मग त्याच्यासाठी पद्धत उभी करणारा माणूस, तो अ‍ॅनालिस्ट.

रोजचं काम विचारलंस म्हणून सांगतो. मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून वाहणारं द्रावण, बनवणं, गाळणं, हवा काढणं, कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, स्थिर व्हायची वाट बघणं. पीक, म्हणजे आलेखावरचे एकेका घटकाचे उंचवटे, नीट वेगळे झाले नाहीत तर पीएच दोन दशांशांनी हलवून परत तेच. धीर लागतो. कॉलमची निगा स्वतःच्या वस्तूसारखी ठेवावी लागते. फॉस्फेट बफर चालवून झाल्यावर आधी पाणी मिसळलेल्या द्रावकाने धुवायचं असतं. एकदा मी घाईत थेट शंभर टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं. मीठ आतच बसलं. सकाळी पंपाचा दाब चढत चढत मर्यादेला लागला आणि यंत्र आपोआप बंद पडलं. त्या कॉलमवर तिघांचं काम चालू होतं. तिघांची माफी मागितली.

निळीशाई
तुमच्या दोघांच्या मधोमध बसणारी माझी गोष्ट आहे. उंबरठाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा मास्टर्सचा विषय साधा होता. पाच मिलिग्रॅमची गोळी, लवकर विरघळणारी. डिझोल्यूशनला नव्वदच्या आसपास येऊन आकडा थांबायचा. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. सहाही भांड्यांत, दर वेळी. गोळीत औषध किती आहे ते मोजलं तर नव्व्याण्णव टक्के. म्हणजे औषध गोळीत आहे, गोळी फुटलेली डोळ्यांना दिसते, मग उरलेलं दहा टक्के जातं कुठे?

मी फॉर्म्युल्याला दोष दिला. पूड बांधून ठेवणारा बाइंडर बदलला. गोळी फोडणारा डिसइंटिग्रंट वाढवला. लॅक्टोज काढून मॅनिटॉल घातलं. सहा आठवडे गेले. प्रत्येक वेळी नव्वद. मार्गदर्शक म्हणाले, 'मर्यादेच्या वर आहे ना, मग लिही नव्वद आणि पुढे चल.' ते चुकीचं बोलत नव्हते, चाचणी पास होत होती. पण मला झोप लागेना. वेगवेगळे आठ फॉर्म्युले बरोब्बर एकाच जागी थांबतात, तर दोष फॉर्म्युल्यात नसणारच, एवढं तरी मला तेव्हा सुचायला हवं होतं. त्यांनी सांगितलं म्हणून मी प्रकरण अर्धंअधिक लिहूनही टाकलं होतं. एवढ्याशा दहा टक्क्यांसाठी कशाला वेळ घालवतेस, असं लॅबमधल्या सगळ्यांचंच म्हणणं पडलं, आणि ते मला लागलं होतं.

एका संध्याकाळी लॅबमध्ये कोणी नव्हतं. मी स्टँडर्ड घेतलं, म्हणजे वजन करून स्वतः विरघळवलेलं द्रावण, ज्यात किती औषध आहे ते मला नक्की माहीत. अर्धं तसंच मोजलं. अर्धं आमच्या नेहमीच्या सिरिंज फिल्टरमधून काढून मोजलं. न गाळलेलं शंभर. गाळलेलं एकोणनव्वद.

फिल्टर औषध खात होता. नायलॉनचा पडदा माझ्या रेणूला धरून ठेवत होता. आणि गोळीतलं औषध मोजताना हे का दिसलं नाही? कारण तिथलं द्रावण तीव्र असायचं, त्यातून चिमूटभर गेलं तर कळणारही नाही. डिझोल्यूशनमध्ये पाच मिलिग्रॅम नऊशे मिलिलिटरमध्ये पसरलेलं, मिलिलिटरमागे जेमतेम साडेपाच मायक्रोग्रॅम. तेवढ्यातून तेवढंच गेलं की दहा टक्के. पीव्हीडीएफ या दुसऱ्या प्लास्टिकचा फिल्टर लावला, पहिले पाच मिलिलिटर टाकून दिले. अठ्ठ्याण्णव.

मी स्टुलावर बसून रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. सहा आठवडे वाया गेले म्हणून नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा मला असं काहीतरी कळलं होतं जे त्या इमारतीत दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं.

उंबरठा, तुला ते जमेल का, हे आधी ओळखता येत नाही. पण न पटणारा आकडा आला की तुझ्या मनात काय होतं ते बघ. मॅन्युअलमधला आकडा यावा म्हणून तू पुन्हा करतेस, की हा का आला म्हणून पुन्हा करतेस? पदवीच्या प्रॅक्टिकलला सुद्धा हे कळतं.

उंबरठा
निळीशाई ताई, दोनदा वाचलं. गेल्या वर्षी टायट्रेशनला माझं एंडपॉइंट सगळ्यांपेक्षा अर्धा मिली पुढे यायचं. मी शेजारच्या वहीतला आकडा लिहिला होता. ब्युरेटचा कॉक गळत होता हे मला दोन आठवड्यांनी कळलं, कारण मी परत जाऊन बघितलं. लिहिला होता याची लाज वाटते, पण बघायला गेले होते हेही खरं.

निळीशाई
गेलीस ना परत? मग झालं.

सायंतारा
फार्मॅकॉलॉजीवर अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे प्रश्नच वेगळा. औषध शरीरात जाऊन काय करतं, आणि शरीर औषधाचं काय करतं. पेशींवर, वेगळ्या काढलेल्या ऊतींवर काम असतं, आणि अनेक ठिकाणी प्राण्यांवरही. प्राण्यांचं काम मनाला जड आहे. ते जड वाटायलाच हवं, असं माझं मत. नैतिक समितीची परवानगी आधी मिळवावी लागते, किती प्राणी आणि का ते संख्याशास्त्राने मांडून दाखवावं लागतं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तत्त्वं आजही आधार आहेत. प्राण्याला पर्याय असेल तर तो वापरा, नसेल तर संख्या कमी करा, आणि जे कराल त्यात वेदना कमीत कमी ठेवा.

माझा पहिला आठवडा फक्त उंदीर हातात घ्यायला शिकण्यात गेला. शेपटीला धरून न उचलता ओंजळीत घ्यायचे. रोज ठरलेल्या वेळी, त्याच हातांनी. घाबरलेल्या प्राण्याचे आकडेही घाबरलेलेच येतात. आणि कोणत्या गटाला औषध, कोणत्या गटाला नुसतं द्रावण, हे मोजणाऱ्याला माहीत नसावं म्हणून बाटल्यांवर फक्त खुणा. मला स्वतःला वाटायचं की मी निःपक्ष आहे, मला हे कशाला? मग एकदा खुणा उघडल्यावर कळलं की ज्या गटाला मी मनोमन औषधाचा गट धरून बसले होते तो दुसराच होता. माझ्या मनाने त्यात सुधारणाही बघितली होती! त्यानंतर मी खुणांशिवाय काहीही मोजलेलं नाही.

शाखा निवडताना मला ज्या व्यक्तीने बळ दिलं ती फ्रान्सिस केल्सी. तिने १९३५ मध्ये मॅकगिल विद्यापीठातून फार्मॅकॉलॉजीत मास्टर्स केलं आणि शिकागो विद्यापीठात नव्याने निघणाऱ्या विभागात काम मागणारं पत्र पाठवलं. होकार आला तो 'मिस्टर' म्हणून, नावावरून पुरुष समजून. तिने आपल्या प्राध्यापकांना विचारलं, कळवावं का? त्यांनी सांगितलं, सही कर, कंसात 'मिस' लिही आणि जा. ती गेली. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या एका पातळ औषधाने शंभरावर माणसं दगावली, त्यात कितीतरी लहान मुलं. औषधाचा दोष नव्हता, ते ज्या डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं होतं ते विषारी होतं. त्या तपासासाठी तिच्या विभागात प्राण्यांवर प्रयोग झाले आणि त्या कामात ती विद्यार्थिनी म्हणून होती. पुढे १९६० मध्ये ती अमेरिकेच्या औषध प्रशासनात रुजू झाली आणि सुरुवातीलाच तिच्या टेबलावर थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाच्या परवानगीचा अर्ज आला. कंपनीकडून दबाव येत राहिला, ती पुरावे मागत राहिली. १९६१ च्या अखेरीस युरोपातून बातमी आली की गरोदरपणी घेतलेल्या त्या औषधाने हातापायांत व्यंग असलेली हजारो बाळं जन्मली होती.

विद्यार्थीदशेत तिने एका निरुपद्रवी मानलेल्या द्रावकाने काय केलं ते जवळून पाहिलं होतं. 'सगळीकडे वापरतात, सुरक्षितच असणार' हे वाक्य तिला पटणं शक्यच नव्हतं, असं मला वाटतं.

खलबत्ता
सायंतारा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. १९३७ ची ती घटना मी फॉर्म्युलेशनच्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. एक्सिपियंटला आपण 'निष्क्रिय घटक' म्हणतो, पण पोटात गेलेलं काहीच निष्क्रिय नसतं.

रानवारा
थोडं वेगळं मत मांडतो. मी पदवीनंतर तीन वर्षं गुणवत्ता विभागात नोकरी केली आणि मग मास्टर्सला आलो. सगळे म्हणत होते अभ्यासाची सवय मोडेल. मोडली होती, पहिली सहामाही संख्याशास्त्राने दमवलं. पण मला फायदाच झाला. औषध किती टिकतं ते तपासायचा स्टॅबिलिटी चेंबर म्हणजे पुस्तकात एक ओळ असते, चाळीस अंश तापमान, पंचाहत्तर टक्के आर्द्रता, सहा महिने. मी तो चेंबर पहाटे बिघडताना पाहिला होता आणि त्यानंतर कोणते नमुने ग्राह्य धरायचे यावर दिवसभर झालेली चर्चा ऐकली होती. वर्गात आयसीएच या औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं शिकवली जायची तेव्हा त्या प्रत्येक आकड्यामागे मला कोणीतरी माणूस दिसायचा. तेव्हा घाई नसेल तर आधी नोकरी करायला हरकत नाही.

आणि एक. मास्टर्स म्हणजे पीएचडीच्या वाटेवरचा थांबा, असं समजून लोक स्वतःला कमी लेखतात. गर्ट्रूड एलियन दिवसा शाळेत रसायन आणि भौतिक शिकवायच्या, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी संशोधन करायच्या, असं करून त्यांनी १९४१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून रसायनशास्त्रात मास्टर्स केलं. पुढे पीएचडी सुरू केली, पण नोकरी सोडून पूर्ण वेळ या असं सांगितल्यावर त्यांनी पीएचडी सोडली. ल्युकेमियावरचं सिक्स-मरकॅप्टोप्युरिन, अ‍ॅझाथायोप्रिन, असायक्लोव्हिर या सगळ्यांमागे त्यांचा हात आहे. १९८८ चं नोबेल मिळालं तेव्हा त्यांच्याकडे मानद सोडून दुसरी डॉक्टरेट नव्हती.

मोजमाप
रानवारा, नोकरी आधी की नंतर हे घरच्या परिस्थितीवरही ठरतं, त्यामुळे सरसकट सल्ला देऊ नये. पण संख्याशास्त्राबद्दल दुजोरा. उंबरठा, कोणतीही शाखा घे, डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स, म्हणजे अनेक गोष्टी एकत्र बदलून प्रयोग आखायची पद्धत, नीट शिक. एका वेळी एकच गोष्ट बदलत बसलीस तर मिश्रणाचा वेळ आणि वंगणाचं प्रमाण मिळून काय करतात हे कधीच दिसणार नाही.

उंबरठा
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आता तिसरा प्रश्न. मार्गदर्शक कसे निवडायचे? त्यांच्या नावावर पेपर भरपूर आहेत, एवढंच बाहेरून दिसतं.

निळीशाई
पेपरची संख्या बाजूला ठेव. प्रबंधाच्या कामाला बसणार आहेस त्या लॅबमध्ये एक दिवस जा, आणि शक्यतो सर किंवा मॅडम नसताना जा. आधीच्या विद्यार्थ्यांशी बोल. विचार की शेवटचा फसलेला प्रयोग कोणता आणि तो सांगितल्यावर काय झालं. उत्तर द्यायला ती मुलगी दाराकडे बघायला लागली तर समजून जा. यंत्रावर नंबर किती दिवसांनी लागतो ते विचार. रसायनं मागवल्यापासून हातात यायला किती वेळ लागतो तेही विचार. विषय फार मोठा असेल, म्हणजे नॅनोकण बनवणार, पेशींवर बघणार, प्राण्यांवरही बघणार आणि सगळं एका वर्षात, तर नम्रपणे नाही म्हण. त्यातलं काहीच धड होत नाही आणि शेवटी आकडे ओढूनताणून बसवायची वेळ येते.

जुने प्रबंध बघायला मिळाले तर चर्चेच्या प्रकरणात 'अपेक्षेप्रमाणे' हा शब्द किती वेळा आलाय ते बघ. ज्या लॅबमध्ये सगळंच अपेक्षेप्रमाणे होतं तिथे मी तरी जाणार नाही.

सायंतारा
+१. आणि पहिल्या दिवसापासून वही. बांधलेली, पानांना क्रमांक असलेली, शाईने लिहिलेली. चुकलं तर एक आडवी रेघ, सही, तारीख. खोडरबर नको. सुट्या कागदावर लिहून संध्याकाळी वहीत उतरवायची सवय लागू देऊ नकोस, उतरवताना हात आपोआप आकडे सुबक करतो.

उंबरठा
सात महिन्यांनी धागा वर काढतेय. फार्मास्युटिक्स घेतलं. मार्गदर्शकांचे पेपर फार नाहीत, पण लॅबमध्ये फसलेल्या बॅचचं एक वेगळं कपाट आहे आणि त्यावर तारखा आहेत. ते बघून ठरवलं.

विषय: पाण्यात अत्यंत कमी विरघळणारं औषध पॉलिमरमध्ये मिसळून स्फटिकरहित रूपात आणायचं, म्हणजे सॉलिड डिस्पर्शन. बनलं. एक्सआरडीत, म्हणजे स्फटिक ओळखायच्या क्ष-किरण चाचणीत, स्फटिकाचा एकही पीक नाही. डिझोल्यूशनला पहिल्या पंधरा मिनिटांत आकडा झपाट्याने वर जातो, मूळ औषधाच्या कितीतरी पट. आम्ही खूश झालो. पण नव्वदाव्या मिनिटाचा नमुना साठाव्यापेक्षा कमी येतोय. विरघळलेलं औषध कमी कसं होईल? सहाही भांड्यांत तेच. तीनदा केलं.

निळीशाई ताई, फिल्टर आधी तपासला. स्टँडर्ड गाळून आणि न गाळून, दोन्ही नव्व्याण्णवच्या वर. नमुना काढल्यावर घातलेल्या ताज्या द्रावणाचा हिशेबही धरलाय. औषध त्या द्रावणात चोवीस तास टिकतं हे वेगळं तपासलं, म्हणजे त्याचं विघटनही होत नाहीये. मला वाटतंय की ते भांड्यातच परत स्फटिक होतंय आणि फिल्टर ते स्फटिक अडवतोय. पण नुसतं वाटून उपयोग नाही. दाखवायचं कसं?

खलबत्ता
तुझी शंका रास्त आहे. द्रावणात औषध त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त चढलेलं असतं आणि पॉलिमर ते काही काळच धरून ठेवतो. आता नव्वदाव्या मिनिटाला थांब. भांड्याच्या तळाचा गढूळ थेंब ड्रॉपरने घे आणि वाळू न देता लगेच काचपट्टीवर ठेव. वाळवलास तर वाळतानाच स्फटिक होतील आणि मग काहीच सिद्ध होणार नाही. पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली बघ. दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात. स्फटिकरहित असेल तर सगळं काळं. स्फटिक असतील, तर बहुतेक औषधांचे अंधारात उजळून दिसतात. पाचव्या मिनिटाचा थेंबही तसाच बघ, तुलनेला. मग उरलेला गाळ झटकन गाळून एक्सआरडीला दे.

निळीशाई
आणि नुसत्या पॉलिमरच्या द्रावणाचा थेंबही बघ, औषध न घातलेल्या. उजळणारं दुसरं काही नाही ना, हे कळायला हवं.

उंबरठा
आज बघितलं. पॉलिमरचा थेंब पूर्ण काळा. पाचव्या मिनिटाचा काळा, कोपऱ्यात एक धुळीचा कण सोडून. नव्वदाव्या मिनिटाच्या थेंबात आधी काहीच दिसेना, मग फोकस हळूच खाली नेला. बारीक सुया आहेत. पांढऱ्या, काही निळसर, एकमेकींना चिकटून चांदणीसारख्या. काचपट्टी फिरवली की विझतात आणि परत पेटतात. वहीत चित्र काढून ठेवलंय, तारीख आणि वेळ घालून. उद्या तीसाव्या मिनिटापासून दर दहा मिनिटांनी थेंब घेणार आहे.